भाजीच्या कप्प्यातला हिवाळा

फर्मिनानं होस्टा आणला तो लोकरीच्या मोज्यात,
स्विंडनच्या गोदामात अकरा वर्षं
दुसऱ्यांच्या चपला खोक्यांत भरून झाल्यावर.
मोज्याच्या टाचेला भोक होतं,
त्यातून एक मूळ डोकावत होतं
करंगळीएवढं, मळकट.
"तुज्याकडेन सावळी आसा," ती म्हणाली.

सावलीच तर आहे माझ्याकडे.
सावईवेऱ्यातलं आमचं कुळागर म्हणजे
भर बारा वाजता दिवेलागण.
पोफळीखाली केळ, केळीखाली वेलची, मिरी जिथं चढेल तिथं,
आणि सगळ्यांचं पिऊन झाल्यावर
पाटाच्या कडेला जी ओल उरते
ती मी ह्या पाहुण्याला दिली.

लेबलावर लिहिलं होतं : अत्यंत चिवट.
उणे तीस अंशांतही तगतो.
अधिक पस्तीसबद्दल काही लिहिलं नव्हतं.
कुणी विचारलं नसेल.

पहिल्या वर्षी सहा पानं आली.
शिरा अशा सरळ, जशी दुरेघी वहीत काढलेली.
सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या,
"हें कसलें तेरें? खाजतं का?"
दोन बोटांनी देठ चाचपला,
पातवड्यांना पुरतील का पानं, ते मनात मोजलं,
आणि पुरणार नाहीत म्हणून सोडून दिलं.

श्रावणात गोगलगायींना पत्ता लागला.
मी टॉर्च घेऊन रात्री अकराला,
करवंटीत एकेक वेचून भरायची,
पाटापलीकडे ओतून यायची.
पहाटेपर्यंत त्या चालत परत.
पानांची चाळणी झाली.
चाळणीतूनही होस्टा हिरवा होता, हे सांगायला हवं.

दुसऱ्या वर्षी तीन पानं.
तिसऱ्या वर्षी एक, तेही बाळाच्या कानाएवढं.
खत घातलं, राख घातली, जागा बदलली.
फर्मिना उकिडवी बसून बघत होती.
म्हणाली, "त्याला झोप नाही गे.
थंडी पडल्याशिवाय त्याला कळतच नाही
वर्ष संपलं म्हणून."

आमच्याकडे डिसेंबर येतो म्हणजे
सासूबाई पहाटे डोक्याला रुमाल बांधतात,
तेवढंच.

मग मार्गशीर्षात उपटला, धुतला,
सोडणाच्या ओल्या काथ्यात गुंडाळला,
वरून निधनवार्तांचं पान,
आणि फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात.
वर बंगडे, दारात जयवंतांचं इन्सुलिन,
खाली पाच अंशांचा हिवाळा, मागच्या बाजूला थोडा गोठणारा.

एका रात्री वीज गेली ती सहा तास.
मासेवाल्या सत्यवानाला उठवून बर्फ आणला.
इन्सुलिनसाठी, असं सांगितलं.
खोटं नव्हतं.

दर रविवारी मीस आटोपून फर्मिना यायची,
चौकशीला.
एकदा तिनं कप्पा ओढला, पुडी दाबून बघितली,
आणि मग फ्रिजचं दार धरून तशीच उभी,
डोळे मिटून, चेहरा आत.
सासूबाई ओरडल्या, "दार लाव गे, बिल येतं!"
ती म्हणाली,
"पहाटे पाचला बसस्टॉपवर अस्संच लागायचं."
चांगलं की वाईट
ते काही म्हणाली नाही.

नऊ आठवड्यांनी काढला. लावला.
बारा दिवस काहीच नाही.
तेराव्या दिवशी मातीतून एक टोक,
घट्ट वळलेलं, जांभळट,
पुरचुंडीत काय आहे ते अजून न सांगणारं.
संध्याकाळी पाहिलं तर
त्याच्याभोवती राखेचं रिंगण,
आणि शेजारी पालथी करवंटी, रात्रीसाठी.
मी नव्हती ठेवली.
सासूबाई तुळशीपाशी, पाठ करून,
वात वळत होत्या.

फर्मिनाला निरोप पाठवला आहे.
जुलैचं तिचं तिकीट आलंय, परतीचं.
कुठून परतीचं
ते मी विचारलं नाही.
मोजा मात्र धुऊन ठेवलाय, टाच शिवून.