रकाना क्रमांक चौदा

गंगापूर रोडच्या आमच्या कॉलेजात
प्रवेश अर्जाला चौदावा रकाना आहे :
घरातलं कुणी इथे शिकलंय का,
असल्यास नाव, साल, शाखा.
पाच गुण.
पडताळणी माझ्याकडे.

शिडी लावतो, वाळवी झटकतो,
जनरल रजिस्टर खाली उतरवतो.
नेरकर. आजोबा अठ्ठावन्न, बी.एस्सी.
वडील चौऱ्याऐंशी. दोन आत्या, एक काका.
पोरगा दारात उभा, नवे बूट, घाबरलेला.
वाईट नाही तो. "काका, सापडलं का?"
सापडतंच. त्यांचं सापडतंच.

रामकुंडावर असंच असतं म्हणतात.
गुरुजी गाव विचारतात, आडनाव विचारतात,
लाल फडक्यातली चोपडी सोडतात
आणि खापरपणजोबाची सही समोर ठेवतात.
मी ऐकून आहे.
आमचे पणजोबा काळारामाच्या दारापर्यंत गेले होते.
दाराबाहेरच्यांची चोपडी कुठे असते?

यंदा माझ्या धाकटीने, सुकेशिनीने, अर्ज भरला.
चौदाव्या रकान्यात रेघ मारली नाही.
लिहिलं :
हौसाबाई गांगुर्डे, एकोणऐंशी, रसायनशास्त्र.

माझी आई. प्रयोगशाळेत काचा धुवायची.
"अगं, तिचं नाव कुठे असणार?"
"शोधा," म्हणाली, "तुमचंच काम आहे ना."

नात्यातला अर्ज आपण तपासू नये असा नियम आहे.
तपासला. तीन दुपारी.
जनरल रजिस्टरात नाही.
पगारपत्रकं कुठल्याशा पुरात भिजून गेलेली.
शेवटी फुटतूट वहीत, पान एकेचाळीस :
ह. गांगुर्डे, बीकर एक, अडीचशे मिली,
कपात सव्वातीन रुपये.
खाली अंगठा. जांभळा, जरा हललेला.

खरं सांगायचं तर
मलाही इथे घेतलं ते आईच्याच जागेवर,
अनुकंपा तत्त्वावर.
नेरकरांना हसायला मला तोंड नाही.
वारसा मलाही मिळालाच,
मागच्या दाराने, शिडीसकट.

शेरा मारला : पडताळणी केली. नोंद आढळली.
गुरुवारी समिती बसेल.
गुण देतील, नाहीतर कुणी हसून पान उलटेल.

रात्री भांडी घासता घासता सुकेशिनीने विचारलं,
"फुटला कसा?"
आईने कधी सांगितलं नव्हतं.
ओल्या हातातून निसटला असेल, मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली,
"उजेडाकडे धरून बघितला असेल तिने."