चार पिशव्या

हडर्सफील्डला, मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये
बॅडमिंटनच्या पुसट रेषांवर
मांडलेल्या निळ्या खाटा.
मी सकाळीच एक भाकरी जास्तीची खाऊन,
वर पालक, वर खजूर,
सैल बाह्यांचं पोलकं घालून हजर.

बेव्हर्ली नावाची नर्स विचारत गेली:
मलेरियाच्या मुलखात जाऊन आलात?
दात काढला? गोळ्या कसल्या?
थायरॉईडची चालते, म्हणाली.
मग, तुम्हाला कधी रक्त चढवलंय?

हो, म्हटलं, चक्क मिरवत.
याच गावात. निनादच्या वेळी.
चार पिशव्या.
म्हणून तर आलेय.

तिने पेन खाली ठेवलं.
ऐंशी सालानंतर ज्यांनी घेतलं
त्यांचं आम्ही घेत नाही हो.
गाईंना वेड लागलं होतं ना इथे,
ती धास्ती अजून उतरलेली नाही.
तुमचा दोष नाही यात.

दोष नाही, ठीक.
पण साखरेची उसनी वाटीसुद्धा
आमच्यात रिकामी परत करत नाहीत.
आणि इथे चार अनोळखी माणसं
सोळा वर्षं माझ्यात नांदतायत,
कुणाचा मंगळवार, कुणाची जेवणाची सुट्टी.
डॉक्टर म्हणतात, ते रक्त
चार महिन्यांतच संपलं.
मला नाही पटत.

कोट घालत होते,
तेवढ्यात बेव्हर्लीच म्हणाली,
चहाच्या टेबलापाशी माणूस कमी आहे.

तेव्हापासून तिथे उभी असते.
संत्र्याचं सरबत, बिस्किटं,
आणि दांडग्या प्लंबरांना दटावणं:
बसा पंधरा मिनिटं, उठायची घाई नको.
लीड्सच्या मंडळात तिळगुळासोबत
नावंही लिहून घेतली.
मुक्ता बापटचं वजन अठ्ठेचाळीस भरलं,
पन्नास लागतं. रडली.
आता ती म्हाताऱ्या दात्यांना गाडीतून आणते.
विद्याधर सोमणांचा थेंब
निळ्या पाण्यात तरंगतच राहिला,
बुडायला हवा होता.
मला पोहता येत नाही, म्हणाले,
रक्ताला येतं वाटतं.

निनादला अठरा पूर्ण झाली
तेव्हा त्यालाही आणलं, जरा ढकलतच.
टॅटू? बेव्हर्लीने विचारलं.
तो माझ्याकडे बघेना.
मग हळूहळू बाही वर:
दंडावर टेरियर कुत्रा,
इथल्या फुटबॉल क्लबचा,
कान टवकारलेला,
जेमतेम सहा आठवड्यांचा.
चार महिने व्हावे लागतात, बाळा.

रागवायचं होतं मला.
तोंड उघडलंही.
पण हात सवयीने सरबताकडे गेला,
ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला.
थेंबही न देता तो
देऊन आलेल्यांच्या रांगेत बसला,
दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं खिशात.

उठायची घाई नको, म्हटलं.
आणि तो कुत्रा
जरा नीट बघू दे.