बोटभर अजून

नातवानं आरहूसहून पाठवलेलं पाकीट
तीन दिवस फ्रिजवर पडून होतं.
आत पत्त्यांच्या कॅटाहून पातळ, काळी वडी.
वजन पन्नास ग्रॅम.
मी स्वयंपाकाच्या काट्यावर तोलली,
टपालखात्यावर माझा विश्वास नाही.
सोबत चिठ्ठी:
आजोबांनी हात लावू नये,
नाताळात येतो, मीच बसवून देतो. डोमास.

झालं.
रिमविदासनं चष्मा शोधायला घेतला.

आमचा संगणक लहानखुरा,
राय पावाच्या अर्ध्या लादीएवढा,
टीव्हीखालच्या फडताळात मावतो,
पण तो जागा होईस्तोवर किटली दोनदा उकळते.
तेवढा वेळ हा खिडकीतून बंदर बघतो,
कुठली क्रेन चालू, कुठली उभी,
आज कोणाचा हात जड पडतोय.
मला इथून नुसत्या काड्या दिसतात.

एकतीस वर्षं त्यातल्या एका काडीच्या टोकाशी बसला तो,
काचेच्या खोपटात, पायांखालीही काच,
वाऱ्यात डुलत
तीस-तीस टनांचे डबे सोडत राहिला
जहाजांच्या पोटात.

आधी रेडिएटरला हात लावून आला.
अंगातली वीज उतरवायची म्हणे.
सेहेचाळीस वर्षांच्या संसारात
प्रथमच कळलं, वीज आहे म्हणून.

बुडाचं झाकण फिरवून काढलं.
प्रत्येक स्क्रू कागदावर, त्याच्या त्याच्या चित्राशेजारी.
पंखा उचलला तर खाली राखाडी केसांचा गोळा.
मांजराचे.
मांजर जाऊन चार वर्षं झाली.
जरा थांबलो दोघं.
मग मी तो गोळा ॲप्रनच्या खिशात टाकला
आणि तो म्हणाला, हं, चल.

जुनी डिस्क आहे तिथंच राहणार,
नवी तिच्या डोक्यावरच्या मजल्यात,
एका खाचेत, अंधारात,
नखाएवढ्या पट्टीला नेमकी जाऊन मिळायला हवी.
त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
एकदा घसरली. दुसऱ्यांदा तिरकी झाली.
तिसऱ्यांदा त्यानं वडी वर्तमानपत्रावर ठेवली
आणि म्हणाला,
तेव्हा तरी मला कुठं काही दिसायचं?

जहाजाचं पोट वरून म्हणजे काळा चौकोन.
दिसायचा तो विल्यूस,
काठावर उभा, नारिंगी जाकिटात,
त्याची बोटं दिसायची.
बोटं सांगतील तसं सोडायचं,
मूठ वळली की थांबायचं.
गेल्या मार्चमध्ये त्याची पेटी दोरांवरून खाली जाताना
मी पाहिलं होतं,
कोटाच्या खिशाबाहेर याचा हात
आपोआप वर आला होता
आणि तळाशी लागता लागता
मूठ वळली होती.

मी बंदरातली खरी, पण कचेरीतली.
जन्मभर पावत्या लिहिल्या,
ती बोटांची बोली कधी शिकले नाही.
तरी डाव्या हातात बॅटरी घेतली,
टेबलाच्या पलीकडे जाऊन वाकले,
उजवा हात वर केला.
सोड.
डावीकडे. माझ्या नाही, तुझ्या.
सावकाश, अरे सावकाश.
बोटभर अजून.
बोट कसलं, केसभर.

त्यानं खाचेकडे पाहिलंच नाही.
माझ्या हाताकडे बघत होता,
त्या नजरेनं माझ्याकडे कधी कोणी पाहिलेलं नाही,
लग्नातही नाही.

मूठ.
टक्.

सगळं परत बसवलं, एक स्क्रू उरला.
तो बटणांच्या डब्यात टाकला, विषय नको.
किटली नुसती कुजबुजायला लागली होती
तेवढ्यात पडदा उजळला.
कोपऱ्यात नवी डिस्क, नाव नसलेली, पूर्ण रिकामी.
तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.
रिकामं जहाज बंदरातून निघालं
की त्याला कधीच बघवायचं नाही.
यात काय भरायचं, म्हणाला.
म्हटलं, आधी चहा पी.

रात्री मी डोमासला लिहिलं:
पाकीट पोचलं.
आजोबांनी हात लावलेला नाही.
नाताळात ये.