ओहोटीच्या आधी

ग्रिम्सबी. पहाटेचे तीन दहा.
बेथनी उशी कवटाळून टेबलाच्या कडेला बसलीय.
"चिडलेल्या मांजरासारखी पाठ कर," मॉरीन सांगते,
आणि मी कण्यावर बोटाने पायऱ्या मोजत उतरते.

सुई. मग एक थेंब, काचेसारखा.
औषध आत जातं न जातं तोच
हाताच्या शिरेतला पंप सुरू.
मॉरीन सलाइनची पिशवी दाबून धरते.
आकडा पडायची वाट नाही बघायची.

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली
मीही होते. वुल्व्हरहॅम्प्टनला, दुसऱ्या वर्षी.
एकशे अठरा होता, मग बासष्ट.
ती बाई जांभया देत होती,
मला वाटलं, रात्रभर जागलीय.
मग म्हणाली, "कसंतरीच होतंय,"
आणि ओकली,
आणि माझ्या हातांना भरलेली सिरिंज सापडेना.
निभावलं सगळं. बाळ रडलं, जरा उशिरा.
जाताना तिने माझे आभार मानले.
ते अजून पचलेले नाहीत.

उजव्या कमरेखाली पाचर. टेबल डावीकडे कलतं,
पोटातल्या जिवाचा भार
मोठ्या शिरेवरून सरकावा म्हणून.
कॅलम घाबरतो, "पडेल ना ती!"
ती नाही पडणार. दुसरंच काही पडू नये म्हणून हे, बाबा.

गार फवारा: इथे लागतंय? इथे?
पाय गेले, पोट गेलं.
छातीशी पोचल्यावर ती शहारते.
तिचे वडील गोदीवर हॅडॉक सोलतात, सांगत असते.
माझा मामा वेंगुर्ल्याचा, मी सांगते,
ओहोटी लागायच्या आत होडी खोल पाण्यात न्यायचा.
"लागल्यावर नेली तर?"
मग चिखलात बसायचं, सहा तास.
ती हसते. पट्टा फुगतो, दंड आवळतो.
एकशे सोळा.
एकशे नऊ.
पंप किंचित वर.
एकशे चौदा, पण नाडी मंदावतेय, अठ्ठावन्न.
किंचित खाली. थांब. हं.

तीन एकेचाळीस. मुलगी.
सगळे तिकडे वळतात, वळायलाच हवं.
माझ्या कागदावर जवळजवळ सरळ रेघ,
शाळकरी पोराने पट्टीने ओढल्यासारखी.

कुशीत बाळ, आणि बेथनी जांभई देते.
मी दचकून वर बघते.
एकशे तेरा.
झोप आलीय तिला.
नुसती झोप.