दोन नावाची नदी

ओझरच्या कारखान्यात मी दुभाषी होते, नऊ वर्षं.
रिव्हेट, झडप, इंधनाची नळी,
विमानाचे सगळे शब्द तोंडपाठ.
माणसांचे कमी पडत.

फोरमन पगार पिंपळगावहून द्राक्षांची पाटी आणत.
येवसेई निकानोरोविच ओट्यावर निवडत बसे,
सडका मणी टिचकीनं बाणगंगेकडे उडवी.
त्याच्या नदीचं नाव दोन.
मला हसू यायचं. आमच्यात तो आकडा.

मार्चातल्या एका रात्री त्यानं आधी खिडकी लावली.
बत्तीस साली आमचं गाव काळ्या फळ्यावर लिहिलं, म्हणाला.
शाळेच्या?
नाही. ज्या गावाचं नाव त्यावर,
तिथं मीठ नाही, काडेपेटी नाही, वेशीवर बंदुका.
त्याही आधी, एकोणीस साली, आजोबांना अंगणात...
वाक्य त्यानं सोडलं तिथंच मीही सोडलं.

"कोसॅक म्हणजे जात का हो बाई?" पगारांनी विचारलं.
जात म्हणावी तर पासपोर्टात तिचा रकाना नाही.
वर्ग म्हणावा तर तो आजीच्या ओव्यांत कसा?
पेशा म्हणावा तर घोडा कधीच जप्त झालेला.
"नांगरणारे," मी म्हटलं, "आणि लढाईला जाणारे."
"मग आमच्यातलेच की," म्हणत त्यांनी पाटी पुढे सरकवली.

येवसेई ऐकत नव्हताच.
चेचेन नावानं गेले, नावानं परतले.
आम्हाला मारलं कोसॅक म्हणून,
मोजलं रशियन म्हणून.
कुणाची माफी कुणाच्या पत्त्यावर येणार?

सानजी नळाखाली घड धूत होता.
काल्मिक. एरवी हायड्रॉलिक्सपलीकडे बोलत नसे.
तातार अजून परतले नाहीत, तो म्हणाला, पाणी चालूच ठेवून.
आणि माझे आजोबाही कोसॅक, येवसेई, तुझ्याच दोनवरचे.
एकोणीस साली ते तुझ्या आजोबांच्या रांगेत.
चव्वेचाळीसला आईला काल्मिक म्हणून डब्यात चढवलं.
मी चार वर्षांचा.
बहिणीला ओम्स्कच्या अलीकडे बर्फात उतरवलं,
गाडी फार थांबली नाही.
आता तूच सांग, मला कुठल्या बाजूला धरतोस?

येवसेईनं खिडकी उघडली.
बाहेर धावपट्टीवर कुणीतरी इंजिन तपासत होतं,
बराच वेळ.

"काय म्हणतोय हा?" पगारांनी विचारलं.
"दोन," मी म्हटलं.
"दोन काय?"
मी घडातला एक मणी तोडला,
आणि तोंडात न टाकता
तसाच हातात धरून बसले.