डिकी

आचारसंहिता लागली.
बारा बोअर जमा करायला यावलला निघालो.
नळी मोकळी, गवसणीत.
काडतुसं वेगळ्या डब्यात, डब्याला कुलूप.
परवाना वरच्या खिशात, दोनदा चाचपलेला.

साकळीच्या शाळेपाशी मधली सुट्टी.
नेहेते बाईंनी हात केला,
"कुठी चालले भाऊ? यावल?
मंग हा ढोल नि लेझमी टाका ना डिकीत,
केंद्रावर स्पर्धा आहे."
खिचडीचे हात चड्डीला पुसत
पोरं आधीच मागं धावली.
एकानं तर खटक्यावर बोट ठेवलं.

"भरलीय," मी ओरडलोच.
"कशानं भरलीय?"
रानडुकरं उठवायला केळीत
दोनदा झाडलीय आजवर, दोन्हीदा आभाळात.
तेव्हाही घसा एवढा सुकला नव्हता.

ढोल मागच्या सीटवर बसवला,
लेझमी पायाशी.
अट्रावलपर्यंत प्रत्येक खड्ड्याला
ढोल बोलायचा, लेझमी हसायच्या,
त्यांच्या पाठीमागं एकजण गप्प.

अंमलदारानं लिहून घेतलं:
बंदूक एक, काडतुसं नऊ.
पावती मिळाली.

परतताना शाळा सुटलेली,
पटांगणात एकच चप्पल.
तरी थांबलो, उतरलो,
डिकी उघडली
आणि उघडीच ठेवली
बराच वेळ.