चिक, शिक

नाव शर्वरीनं काढलं. भाची माझी.
पॅरिसचा शब्द आहे, मावशी, म्हणाली,
दोरा दिसू नये पण बाई दिसावी
असं काहीतरी.
मी म्हटलं, बरं.
बेचाळीस वर्षं ‘कुमुद टेलरिंग, फक्त लेडीज’
एवढ्यावर रामबागेत निभलं,
आता थोडं पॅरिसवर निभू दे.

याकूब पेंटरला चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं लिहून दिली.
तो शिडीवर चढला, मनाशी वाचलं त्यानं,
आणि तांबड्या रंगात, सोनेरी सावली देऊन
हे एवढं मोठं लिहिलं :
चिक.

तिसऱ्या दिवशी ढवळीकर वहिनी आल्या
स्टीलचा डबा घेऊन.
गव्हाचा ना? किती दिवस भिजवलेला?
कुरडया घालायच्यात, सुनेला वेळ नाही.
दुपारी एक जोडपं खिडकीचं माप घेऊन,
बांबूची चिक हवी म्हणे, पश्चिमेचं ऊन येतं.
आणि दिवेलागणीला एक म्हातारा,
टोपी हातात, आवाज खाली :
गाय कधी व्याली? खरवसापुरता मिळेल?

मी हसून हसून खुर्चीत. शर्वरी रडकुंडीला.
सगळ्या इंदुरात
ह्या शब्दाला सांडायलाच जागा होती,
अंगावर बसायला नव्हती.

रात्री मशीनला तेल घालताना
आण्णा आठवले. मिलमध्ये साच्यावर होते.
आठवडाभर केसांत, भुवयांत कापूस,
आणि रविवारी पांढरा सदरा,
तांब्यात निखारे घालून मोडलेली घडी,
कॉलरखाली रुमाल, मळू नये म्हणून,
आणि वरच्या खिशात एक पेन,
ज्यात शाई कधीच नव्हती.
सराफ्यात जायचे. घ्यायचं काही नसायचं.
जायचे फक्त, आणि यायचे.
आई म्हणायची, निघाली स्वारी.
तिच्याकडेही शब्द नव्हता. पण
गल्लीच्या वळणापर्यंत दारात उभी राहायची.

मी तरी काय केलं इतकी वर्षं?
साध्या करड्या पोलक्यालाही
आतून, शिवणीपाशी, एक बोट
राणी रंगाची पट्टी लावली.
गिऱ्हाइकानं मागितली नव्हती.
पैसे लावले नाहीत.
कोणी विचारलं तर म्हणायची, कापड उरलं होतं.
उरलं नव्हतं.

याकूब परत आला शिडी घेऊन.
एक अक्षर का तो खेल है, दीदी.
च खरवडला, तिथे श बसवला.
थोडा जाडच झाला, आधीचं लपवायचं होतं ना.
शिक.
शर्वरी म्हणाली, आता कसं!

आणि सोमवारी परदेशीपुऱ्याहून रजनी चौकसे,
अकरावीत नापास, पायात दोन वेगळ्या चपला,
पाटीकडे बोट करून :
मैत्रिणीनं वाचून दाखवलं. मराठीत म्हणजे ‘सीख’ ना?
फी किती?

शर्वरी तोंड उघडणार, मी तिच्या हातावर कात्री ठेवली.
म्हटलं, बस.
आधी काज.

चार दिवस तिची काजं म्हणजे उंदरानं कुरतडलेली.
पाचव्या दिवशी पांढऱ्या शर्टाला पाच काजं, बरी,
आणि सहावं, सगळ्यात खालचं,
जे सलवारीत खोचलं जाणार, कोणाला दिसणार नाही,
ते लाल दोऱ्यानं.

हे कोणी सांगितलं?
कोणी नाही.
मग?
तिनं खांदा उडवला. एकच, डावा.

शर्वरी माझ्याकडे बघत होती.
मी पाटीकडे.
श च्या कडेतून अजून थोडा च दिसतो,
ऊन तिरपं पडलं की.
याकूब म्हणतो, अजून एक हात मारू, तीनशे द्या.
म्हटलं, राहू दे.